हो म्हणणारा वर्ग

कंपनीच्या भाषेत स्वयंसेवक म्हणजे ज्याचं नाव दुसऱ्याने परस्पर देऊन टाकलं तो माणूस. माया बागडेचं नाव विश्वनाथ साहेबांनी दिलं. साहेब प्लॅनिंग खात्याचे प्रमुख, आणि माया त्यांच्या हाताखाली कामांचे तक्ते करणारी. नागपूरच्या सदरमध्ये, चष्म्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून ती वीज केंद्रांच्या बॉयलर-दुरुस्तीचं वेळापत्रक आखायची. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठे किती माणसं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटची परीक्षा ऑफिसात सगळ्यांत आधी तीच पास झाली आणि तेच तिच्या अंगाशी आलं. कंपनीने बाकीच्यांसाठी अभ्यासवर्ग काढायचं ठरवलं. शिकवणार आपल्यातलीच माणसं, आणि तीही फुकटात. साहेबांनी आधी मेल पाठवला, मग तिला विचारलं, "चालेल ना?" माया "हो सर" म्हणाली. नंतर बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला आणि गार पडलेले हात कितीतरी वेळ पाण्याखाली धरून ठेवले.

तिची ही भीती जुनी होती. शाळेत असताना वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिला भाषणाला उभं केलं होतं. दोन वाक्यं झाली आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. माइकचा दांडा धरून पोरगी उभी, आणि लाउडस्पीकरमधून अख्ख्या वस्तीला तिचा नुसता श्वास ऐकू येतोय. शेवटी लोकांनी दया येऊन टाळ्या वाजवल्या. कोणी हसलं असतं तर तिला परवडलं असतं, पण त्या टाळ्या तिच्या मनातून कधी गेल्या नाहीत. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाला "दोन शब्द बोला" अशी कुजबुज सुरू झाली की माया केक कापायच्या आत जिन्यावर असायची.

या खेपेला मात्र पळता येत नव्हतं. तिचा नवरा प्रेमानंद त्याच कंपनीत, खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या साइटवर सुपरवायझर होता. क्रेनने अवजड सामान उचलणाऱ्या टोळीचा म्होरक्या. नवा नियम निघाला होता की दिवाळीनंतर जवळच्या साइटवर सर्टिफिकेटवालेच सुपरवायझर राहतील. बाकीच्यांची रवानगी ओडिशात. आणि घरात होती सिंधूताई, प्रेमानंदची आई. पाय सुजलेले, चार पावलं चालली की दम लागायचा. माया सकाळीच सदरची बस धरायची, त्यामुळे म्हातारीला दुपारी येऊन पाहणं, दवाखान्यात नेणं, सगळं प्रेमानंदकडे. साइट घरापासून हाकेच्या अंतरावर होती म्हणून ते जमत होतं. तो ओडिशात गेला तर आईचं काय, हा विषय घरात कोणी काढत नव्हतं. काढला नाही म्हणून तो थोडाच टळणार होता.

खापरखेड्यातच अभ्यासवर्ग सुरू झाला असता तर प्रेमानंद आणि त्याच्यासारखे बरेच जण परीक्षेला बसले असते. पण तिकडे शिकवायला जायला माया सोडून कोणी तयार नव्हतं. बाकीच्या स्वयंसेवकांची सेवा सदरच्या एसीपुरतीच होती. म्हणजे माया शिक्षक म्हणून पास झाली तर वर्ग, नाहीतर नवरा ओडिशात.

स्वयंसेवकांमधून शिक्षक घडवायला सुहासिनी मॅडम यायच्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, हळू आवाजाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटते ती एक, आणि हळू बोलणाऱ्याची वाटते ती वेगळी. पहिल्याच शनिवारी त्या म्हणाल्या, "वर्गाला 'समजलं का?' असं कधीही विचारू नका. आपल्याकडे त्याला एकच उत्तर मिळतं." आणि मग पाणी पिऊन, अगदी सहज सांगितल्यासारखं, "शेवटच्या दिवशी तुम्ही साइटवरच्या लोकांना शिकवाल. प्रश्न मी विचारणार, पण तुम्हाला नाही, त्यांना. त्यांना उत्तर आलं नाही तर तुम्ही नापास."

अकाउंट्समधली मुग्धा, जिला भीती द्यायचीच देव विसरला होता, ती हसून म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमचं नशीब त्यांच्या हातात!"

"हो. म्हणून तर आधी सांगून ठेवतेय."

मायाचा डबा त्या दिवशी जसाच्या तसा घरी परत गेला.

तिच्या वाट्याला धडा आला तो क्रिटिकल पाथचा. म्हणजे कामांची अशी साखळी, की तिच्यातलं एक काम लांबलं तर सगळंच लांबतं. बाकीच्या कामांना थोडी उसंत असते, तिला फ्लोट म्हणतात. मायाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. पण येणं वेगळं आणि माणसांसमोर उभं राहून बोलणं वेगळं. तिने रंगीबेरंगी स्लाइड केल्या, मग आणखी केल्या, मग आणखी. भीती वाटली की एक स्लाइड वाढवायची, असा तिचा क्रम झाला होता. स्वयंपाक करता करता ती धडा म्हणून दाखवायची आणि खाटेवरून सिंधूताई मान डोलवायच्या.

"हो माय, बरोबर हाय तुह्यं."

"आई, काय समजलं तुमाले?"

"तू लय चांगली बोलतं वं."

प्रेमानंदलाही तिने दोन-तीनदा समोर बसवून सगळं समजावलं. तोही "हो, हो" म्हणत राहिला. त्याच सुमारास एका दुपारी तो आईला सदरच्या डॉक्टरांकडे दाखवून आला होता. संध्याकाळी मायाने विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?"

"काही नाही. गोया देल्ल्या. अशक्तपणा हाय म्हनते," तो हात धुता धुता म्हणाला, तिच्याकडे पाठ करून. मायाच्या डोक्यात तेव्हा स्लाइड फिरत होत्या. तिने पुढे काही विचारलं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या हातून चहाची बशी सुटली. प्रेमानंदने तुकडे गोळा केले.

"काहून एवढी घाबरून राहिली? वर्गात कोन हाय, आमचेच पोट्टे ना. मी पाहतो."

"काय पाहता?"

"पाहतो म्हनलं ना. तू बिनधास्त राह्य."

बिनधास्त राहणं हे मायाच्या हातात असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

शनिवारी दुपारी साइटची माणसं कंपनीच्या गाडीतून आली. उन्हाने लाल झालेली, डोक्याचे दुपट्टे सोडत, बूट दाराबाहेर काढायचे की आत न्यायचे या विचारात अडलेली. आपल्या मोटारसायकलवर आलेल्या प्रेमानंदने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो मुद्दाम मागच्या रांगेत बसला. पुढे बसला अंकुश, त्याच्याच टोळीतला, साइटवर ज्याचं तोंड कधी बंद नसायचं असा. सुहासिनी मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर. कूलरची घरघर चालू होती आणि मायाला वाटलं, आपला श्वास त्याच्याही वरून ऐकू जातोय.

ती बोलायला लागली. आवाज शेजारच्या खोलीतून कोणी दुसरंच बोलतंय असा येत होता. पहिली स्लाइड झाली आणि समोरच्या सगळ्या माना डोलल्या. "हो म्याडम." दुसरी झाली, पुन्हा माना. मायाच्या छातीवरचं ओझं जरा हललं. समजतंय की यांना! तिसऱ्या स्लाइडला तिने गडबडीत भलतंच चित्र लावलं, पुढच्या धड्यातलं, ज्याचा इथे काडीचा संबंध नव्हता. आपल्या चुकीने ती गारठलीच. पण माना डोलल्या. एका वेळी, एका लयीत.

"हो म्याडम."

आणि मायाला टाळ्या ऐकू आल्या, वस्तीतल्या, त्या जुन्या.

नीट विचार करून ती पुढचं बोललीच नाही. भीतीने माणूस कधी कधी जे करतो ते ठरवून कधीच करणार नाही. ती म्हणाली, "म्हणजे बघा, आधी चिमणीला रंग द्यायचा आणि मग रंगाऱ्यांना चढायला बांबूची परांची बांधायची."

"हो म्याडम, एकदम बरोबर," अंकुश सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. कोपऱ्यात मॅडमचं पेन थांबलं.

माया मागच्या रांगेकडे पाहत राहिली. प्रेमानंदचा हात गुडघ्यावर होता आणि त्याचं बोट वर जाऊन हळूच गोल फिरत होतं. क्रेनवाल्याला 'उचल' म्हणून खालून करतात ती खूण. बोट फिरलं की माना उचलायच्या. बॉयलरचा वीस टनांचा तुकडा याच खुणेवर बिनचूक चढवणारी टोळी, तिला माना चढवणं काय जड होतं? मी पाहतो म्हणाला होता तो, हे पाहणार होता.

असंच चालू दिलं तर वेळ संपेल, मॅडम प्रश्न विचारतील आणि या गोड माणसांपैकी एकालाही तोंड उघडता येणार नाही. मग वर्ग नाही, आणि दिवाळीनंतर घरात ती आणि खाटेवरची म्हातारी. आणि थांबवायचं तर नवऱ्याला त्याच्याच पोरांसमोर उघडं पाडायचं. दोन्हीची तिला सारखीच भीती वाटली. त्यात हाक काय मारायची हाही घोळ. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'अहो' च्या पुढे ती कधी गेली नव्हती.

"प्रेमानंद बागडे," ती म्हणाली.

प्रेमानंद शाळेतल्या पोरासारखा उठून उभा राहिला.

"आधी रंग, मग परांची, असं मी म्हनलं. तुमी मान डोलावली. काहून?"

तो हसला. "म्याडम, तुमी सांगतलं तं बरोबरच असंन." सगळे हसले. त्याला वाटलं सुटलो.

"तुमाले समजलं नाही ना?"

हसणं विरलं. प्रेमानंदने तळहात पँटला पुसले, एकदा आणि पुन्हा एकदा. ती हालचाल मायाच्या ओळखीची होती. गेला महिनाभर ती स्वतःच ओढणीला हात पुसत होती. हा घाबरलाय, तिच्या लक्षात आलं. माझ्याइतकाच घाबरलाय. आणि आजच घाबरलेला नाही.

"नाही," तो म्हणाला. मग पुन्हा, "नाही समजलं. आजचं बी नाही आन् घरी तू सांगत होती ते बी नाही. साइटवर नाही समजलं म्हनलं तं साहेब लोक म्हनते, डोस्कं घरी ठेऊन आला का बे? तवापासून हो म्हनाची आदत पडून गेली." त्याने मॅडमकडे पाहिलं. "म्याडम, या पोट्ट्यायची काही गलती नाही. मीच सांगतलं होतं, काही बी इचारलं तं हो म्हनाचं. तिले नापास नका करू."

मायाला वाटलं, संपलं. आता मॅडम उठतील आणि जातील. पण मॅडम उठल्या नाहीत. पुढच्या रांगेतून अंकुश मान खाली घालून पुटपुटला, "मले बी नाही समजलं." मग शेजारचा. मग खिडकीजवळचा एक पिकल्या मिशांचा सुपरवायझर, ज्याला नाही म्हणताना आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

मायाने प्रोजेक्टर बंद केला. आता निदान समोर माणसं होती. "दसऱ्याले दीक्षाभूमीवर आपण भोजनदान करतो," ती म्हणाली. "तुमच्यातले कितीतरी जण वाढायले येता. त्यात कोनतं काम उशिरा झालं तं जेवण उशिरा होते?"

"सगळेच कामं महत्त्वाचे असते," प्रेमानंद म्हणाला. साइटवर त्याने आयुष्यभर हेच ऐकलं होतं. तिथे सगळंच अर्जंट.

"मंडप उशिरा झाला तं?"

"उन्हात वाढू."

"बॅनर नाही आला तं?"

"बॅनर कोन खाते?" अंकुश म्हणाला आणि खोली हसली.

"इतवारीतून भांडे-गंज घेऊन येनारा टेम्पोच अडकला तं?"

मग मिशीवाला म्हणाला, "तं भात कायच्यात शिजवाचा? भात नाही तं वाढाचं काय?"

"टेम्पो, गंज, भात, वाढणं. यातलं एक अडलं की सगळं अडलं. बाकीच्यायले उसंत आहे. आता बॉयलरचं सांगा." आणि ती विचारत गेली, ते अडखळत गेले, दोनदा भांडले, एकदा प्रेमानंद सरळ चुकला आणि "थांब, पुन्हा सांग" म्हणाला, वर्गात आहोत हे विसरून. वेळ संपली तेव्हा अर्धाच धडा झाला होता.

सुहासिनी मॅडम उठल्या. त्यांनी अंकुशकडे बोट केलं. "दुरुस्तीच्या शटडाऊनमध्ये रंगकाम उशिरा सुरू झालं. सगळं काम लांबेल का?"

अंकुशचं तोंड उघडलं. ओठांवर 'हो' तयारच होता. मायाला तो दिसला. तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. अंकुशने तोंड मिटलं, डोकं खाजवलं.

"म्याडम, रंगाच्या मागं कोनतं काम अडून राह्यलं ते तं तुमी सांगतलंच नाही. त्याच्याबिगर कसं सांगू?"

"सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारता का ते पाहायचं होतं." मॅडमनी चष्मा उतरवून गळ्यात सोडला आणि त्या मायाकडे वळल्या. "खापरखेड्याचा वर्ग पुढच्या रविवारपासून घ्या. आणि त्या स्लाइड कमी करा, माझे डोळे दुखले."

माया जवळच्या खुर्चीवर मटकन बसली.

परतताना ती प्रेमानंदच्या मोटारसायकलवर मागे बसली होती. पास झाल्याचा आनंद तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. चारचौघांत याचं पाणी उतरवलं आपण, आता हा घरी काय बोलेल आणि सोमवारी ती पोरं याला काय म्हणतील, हेच तिच्या मनात घोळत होतं. सदर सोडून थोडं पुढे आल्यावर त्याने एका कडुनिंबाखाली गाडी लावली, पण तो उतरलाच नाही, हँडल धरून बसून राहिला.

"राग आला का?" तिने विचारलं.

"नाही वं."

"मग?"

"आईच्या डॉक्टरले बी मी हो हो च म्हनलो."

मायाला आधी कळलंच नाही.

"त्यायनं लय येळ समजावून सांगतलं. किडनी म्हनले, मंग इंग्रजीत काहीतरी म्हनले, चिठ्ठीवर लिहून बी देल्लं. पुन्हा कवातरी आना म्हनले, टेस्ट कराची हाय म्हनले का झाली म्हनले... समजलं ना, म्हनले. मी म्हनलो हो."

"अन् मले अशक्तपणा म्हनून सांगतलं?"

"मलेच नाही समजलं तं तुले काय सांगू?" तो मागे न वळता म्हणाला. "तू आदीच एवढी घाबरून राहिली होती."

उन्हं उतरली होती, तरी रस्त्यावरून गरम हवा येत होती. माइक, माना, मॅडम, महिनाभर ज्या ज्या गोष्टीने मायाची झोप उडवली होती ती एका क्षणात कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी नुसत्या सिंधूताईंच्या सुजलेल्या पोटऱ्या डोळ्यांसमोर आल्या, बोट दाबलं की खड्डा राहणाऱ्या. रोज रात्री तेल लावताना ती तो खड्डा पाहत होती आणि मनात धडा म्हणत होती.

"गाडी वळवा," ती म्हणाली.

डॉक्टरांचा संध्याकाळचा दवाखाना नुकताच उघडला होता. नंबर येईपर्यंत दोघं बाकड्यावर चिकटून बसले. आत गेल्यावर प्रेमानंद उभाच राहिला.

"डॉक्टरसाहेब, मी सिंधू बागडेचा पोरगा. त्या दिवशी तुमी सांगतलं तवा मी हो म्हनलो. मले काहीच समजलं नव्हतं. पयलेपासून सांगा."

डॉक्टरांनी हातातलं पेन ठेवलं. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, संगणकावर काहीतरी शोधलं, आणि ते वाचताना त्यांचा चेहरा बदलला. मग ते बोलायला लागले. एका कोऱ्या कागदावर त्यांनी दोन घेवड्याच्या बियांसारखे आकार काढले आणि एक जवळजवळ सगळा काळा केला. प्रेमानंदचा हात टेबलाखाली मायाच्या हातात होता, आणि दोघांपैकी कोणाचा जास्त गार आहे ते सांगता आलं नसतं.

"आलं लक्षात?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

प्रेमानंदने मायाकडे पाहिलं. मायाने कागदाकडे पाहिलं. दोघांनाही खरं तर निम्मंअधिक समजलं होतं, आणि जे समजलं होतं ते समजलं नसतं तर बरं, असं वाटत होतं. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारत होते.

"नाही," माया म्हणाली. "एकदा पुन्हा सांगा."